काजू कोण वेचतो ते आधी बघा: वाळपईकडे घर घेताना

मे महिना लागला की मला फोन सुरू होतात. पणजीची मावसबहीण, ह्यांच्या ऑफिसातलं कुणीतरी, कोल्हापूरची एक जुनी मैत्रीण, सगळ्यांचं तेच, "तुमच्या वाळपईकडे एखादं कौलारू घर विकाऊ असलं तर कळव गं, फार मोठं नको, पुढे अंगण, मागे विहीर, चार माड." आता काय सांगू, चार माडांचं घर इथे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात हवं तेवढं आहे, विकायला काढलेला माणूस पण मिळतो, पण तो माणूस ते विकू शकतो का हे शोधायला आम्हाला तीन वर्षं लागली. दोन सौदे मोडले, एकात इसाऱ्याचे पैसे सात महिने अडकले, तिसरं जमलं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढचा फोन आला की हेच पाठवीन.

मी सावंतवाडीची, सासर डिचोलीचं, नोकरीसाठी वाळपईला आलो आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. तर पहिलं हेच सांगेन की आधी भाड्याने राहा. एक पावसाळा पुरा काढा, जून ते ऑक्टोबर. डिसेंबरात बघितलं तर इथलं कुठलंही घर आवडतं, सकाळी धुकं, सुपारीची वाळवण घातलेलं अंगण, गारवा, माणूस वेडाच होतो. तेच घर जुलैत बघा. गोव्यात पाऊस इंचांत मोजतात आणि वाळपई त्या यादीत बहुतेक वर आसपासच असते, दीडशे इंच ओलांडले तरी इथे कुणी डोळे मोठे करत नाही. कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, मीठ पाण्यासारखं होतं, लाईट गेली की कधी येईल ते विचारायचं नसतं, कुठल्या रानात फांदी पडलीय ते लाईनमन शोधत फिरत असतात बिचारे. हे सहन होत असेल तरच पुढे वाचा. आमच्या ओळखीचं एक जोडपं पुण्याहून आलं होतं, ऑगस्टच्या मध्यावर सामान बांधून परत गेलं, बरं झालं भाड्याने होते.

भाड्याने राहिल्याचा दुसरा फायदा म्हणजे गाव तुम्हाला बघतं आणि तुम्ही गावाला. वाळपई म्हटलं तर शहर आहे, नगरपालिका आहे, सत्तरी तालुक्याचं मामलेदार ऑफिस, सबरजिस्ट्रार, कृषी खात्याचं विभागीय ऑफिस, सरकारी सामाजिक आरोग्य केंद्र सगळं इथेच. पण बाजाराच्या दोन बाजूंना पाच मिनिटं चालून गेलात की शेत आणि काजूचं भाट, म्हणजे बागायत, लागतं. पणजी ४५ किलोमीटरच्या आसपास, बांबोळीचं मेडिकल कॉलेज म्हणजे जीएमसी तासाच्या वरच धरा, घरात म्हातारी माणसं असतील तर हा हिशोब आधी करा, घर नंतर बघा. कदंबच्या बस आहेत, खाजगी पण आहेत, पण संध्याकाळनंतर आतल्या गावांना जायला स्वतःची गाडी पाहिजेच.

आता मुद्द्यावर येते.

पहिलं घर आम्ही बघितलं ते जानेवारीत. वाळपईपासून सात-आठ किलोमीटर आत, मातीच्या भिंतींचं जुनं घर, मागे काजूचा उतार, एजंट म्हणजे गोडबोल्या माणूस, कागद फाईलमध्ये लावून आलेला. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे इथल्या सातबारावर, कब्जेदार म्हणून एकच नाव, कूळ रकाना कोरा, इतर हक्कांचा रकाना, जिथे मुंडकाराचं नाव येतं, तोही कोरा. आम्ही खूश. फेब्रुवारीत दोन लाख इसारा देऊन बसलो, वकिलाला दाखवायच्या आधी, हसू नका. मग एप्रिलमध्ये मोजणी करायची म्हणून सकाळी सातला गेलो तर उतारावर एक आजी, पदर खोचलेला, हातात टोकाला खिळा मारलेली काठी, त्या खिळ्याने बोंडू उचलायचा, बी पिळून पिशवीत, बोंडू डब्यात. शांतपणे चाललेलं. मी विचारलं, आजी, कुणाकडे कामाला? तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कामाक? म्हजी मांय हांगाच काजू पुंजायताली." म्हणजे माझी आई इथेच काजू वेचायची. भाटाच्या खालच्या अंगाला झाडीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं, जे आम्हाला जानेवारीत गुरांचा गोठा म्हणून दाखवलं होतं. घराला पंचायतीचा नंबर. आणि मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंद व्हायला अर्ज घातलेला, केस चालू. भाटकाराला, म्हणजे विकणाऱ्या जमीनमालकाला, फोन केला तर म्हणे ती काय, तिला उठवू आम्ही. मी म्हटलं, नको, आमचे पैसे द्या.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच सांगते, जागा बघायला डिसेंबरात जाऊ नका, मार्च-एप्रिलमध्ये जा, सकाळी लवकर, न सांगता, आणि काजू कोण वेचतो ते बघा. कुळागर म्हणजे सुपारीची बाग असेल तर सुपारी कोण पाडतो, शेत असेल तर नांगर कुणाचा फिरतो. कागद खोटं बोलत नाही असं नाही, कधी कधी तो नुसता गप्प बसतो. हात गप्प बसत नाहीत.

ह्याच्या मागे कायदा काय आहे तो थोडक्यात सांगते, कारण बाहेरून येणाऱ्याला, अगदी महाराष्ट्रातून येणाऱ्यालाही, हे कळत नाही. गोव्यात दोन शब्द कायम ऐकाल, कूळ आणि मुंडकार. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९६४ चा कूळ कायदा आहे आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व आलं, म्हणजे कूळ मालकच मानलं गेलं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा, त्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, उठवता येत नाही, आणि तो राहतं घर आणि सभोवतालची थोडी जागा, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेऊ शकतो, मामलेदाराकडून. आता गंमत अशी की हजारो लोकांची नोंदच झालेली नाही, वर्षानुवर्षं केसी चालू आहेत, म्हणून रकाना कोरा असला तरी माणूस हक्कदार असू शकतो. तुम्ही घेतलीत जागा की ती केस तुमच्या गळ्यात. आणि खरं सांगू का, मनालाही बरं वाटणार नाही, त्या आजीला कोर्टात ओढून आपण ओसरीत झोपाळा बांधायचा, हे काय जगणं आहे.

कुळाचीच दुसरी बाजू पण ऐका. कूळ स्वतः जमिनीचा मालक झाला, त्याच्याकडे कागद आहेत, तो तुम्हाला घरासाठी प्लॉट विकतोय, स्वस्तात. इथे थांबा. १९९१ चा जमीन वापराचा एक कायदा आहे, कूळ कायद्याखाली मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. सनद म्हणजे बिगरशेतीचा कागद मिळणार नाही, घर बेकायदेशीर. शिवाय विकायलाच मामलेदाराची परवानगी लागते. स्वस्त का आहे ते आता कळलं असेल.

आणि भातशेती तर विसराच. २०२३ मध्ये कायदा आलाय, शेतकरी नसलेल्याला गोव्यात भाताची जमीन विकत घेता येत नाही. "मागचं भाताचं शेत पण घेऊन टाका, नंतर बघू" असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून या.

कागद कुठले बघायचे ते सांगते. एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन दोन्ही ऑनलाईन निघतात, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन माहीत असला की झालं, घर आवडायच्या आधीच काढून बघा. पण एक-चौदा म्हणजे मालकीचा कागद नव्हे हे शंभर वेळा घोकून घ्या. तो महसुलाचा कागद, कब्जा कुणाचा ते सांगतो, खोटं ठरेपर्यंत खरं धरतात इतकंच. मालकी बघायची तर खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसाहक्काचे कागद, मागे मागे जात जायचं. आणि गोव्यात मागे गेलात की १९६१ च्या आधी पोर्तुगीज लागतं. देश्क्रिसांव, इन्स्क्रिसांव, मात्रीस हे शब्द वकिलाच्या तोंडी आले की घाबरू नका, जुन्या जमीन नोंदणीतले आणि करदप्तरातले नंबर आहेत ते, भाषांतर करून घ्यावं लागतं, त्याला वेळ जातो आणि पैसे पण. सर्व्हे झाला सत्तरच्या दशकात, त्या प्लॅनवर घराचा चौकोन आहे का ते नीट बघा, असेल तर घर जुनं असल्याचा तो मोठा पुरावा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी असं समजणारे अजून भेटतात, पंचायत घरपट्टी कुणाकडूनही घेते.

मूळ कागद स्वतः डोळ्यांनी बघा, झेरॉक्स नको. २०२२ मध्ये जमीन बळकाव प्रकरणांसाठी सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं, जुन्या पोर्तुगीजकालीन दप्तरातच खोटे दस्त घुसवले होते लोकांनी. ती प्रकरणं जास्त बार्देशकडची, किनाऱ्याजवळची, पण इकडे भाव वाढतायत तशी इकडेही ती हवा येणार. सबरजिस्ट्रारकडून तीस वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला काढा. आणि वकील तुमचा असू दे, एजंटाने आणलेला नको. बँकेचं कर्ज काढणार असाल तर एक चांगलं होतं, बँकेचा वकील पण कागद तपासतो, तो नाही म्हणाला तर रागावू नका, पेढे द्या त्याला.

दुसरा सौदा आमचा मोडला तो जावयामुळे. हे गोव्याबाहेरच्या माणसाला सांगितलं की खोटं वाटतं. होंडा गावाच्या बाजूला चांगलं चिऱ्यांचं घर, वडील गेलेले, तीन भाऊ दोन बहिणी, सगळे एकत्र, चहा-भजी, सगळे विकायला तयार. आमच्या वकील बाई म्हणाल्या, दोन्ही बहिणींचे नवरे कुठे आहेत? एकाने लगेच हात वर केला. धाकटीचा नवरा वसईला, आठ वर्षं बोलणं नाही, घटस्फोटही नाही. संपलं. इथे समान नागरी कायदा आहे, पोर्तुगीजांच्या वेळचा, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी-अर्धी. मुलगा-मुलगी वारसाला समान, आणि मुलीच्या वाट्यात तिच्या नवऱ्याचा अर्धा, सुनेचा पण तसाच. म्हणजे पाच भावंडं म्हणजे दहा सह्या. एक दुबईत, एक मुंबईत, एक रुसलेला. वसईवाल्याने सही दिली नाही, आम्ही चार महिने वाट बघून सोडलं. घर अजून तसंच आहे, मागच्या वर्षी पुढची पडवी बसली.

म्हणून घर बघायला गेलात की घराच्या आधी वंशावळ लिहून घ्या. वहीत, झाडासारखी. आजोबा, त्यांची मुलं, मुलांची लग्नं, कोण गेलं, कोण कुठे. वारसा दस्त झालाय का, की कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची केस, झालीय, विचारा. झालेली नसेल तर विक्रेत्याने ती करून द्यायची, तुम्ही नाही, आणि तोपर्यंत पैसे नाहीत. तसंच तुम्ही घेताय तर तुमच्या बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव येऊ शकतं ह्याची पण तयारी ठेवा. मला तर बाई हा कायदा फार आवडतो, माझ्या सावंतवाडीच्या बहिणींना सांगते तेव्हा त्या गप्प होतात.

सत्तरीचं म्हणून एक वेगळं आहे. इथे खूप जमीन मोकासोची, म्हणजे जुन्या इनामाची, सरकारची, आल्वारा म्हणून पोर्तुगीज सरकारने लागवडीला दिलेली. पिढ्यान् पिढ्या कसणारे लोक आहेत पण मालकीचा कागद नाही. मेळावली गावात २०२१ च्या जानेवारीत आयआयटीच्या जागेवरून जे आंदोलन पेटलं त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती, शेवटी सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. तर असला कसणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे तुम्हाला म्हणेल की जमीन माझी, आजोबांपासूनची, आणि तो खोटं बोलत नसेल, पण विकायला ती त्याची नाही. उताऱ्यावर सरकार, आल्वारा, मोकासो, कोमुनिदाद (गावकीची सामाईक जमीन) असा कुठलाही शब्द दिसला की तिथेच थांबा, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो म्हणाला तरी थांबा.

मग रान. म्हादई अभयारण्य १९९९ चं, २०८ चौरस किलोमीटर, त्याच्या हद्दीच्या आत गावं आहेत. त्याच्याबाहेर खाजगी जंगल नावाचा प्रकार, सरकारने नेमलेल्या सावंत आणि कारापूरकर समित्यांनी काही सर्व्हे नंबर खाजगी जंगल म्हणून काढले, तुमच्या नावावर असलं तरी तिथे बांधकाम नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा जुलै २०२४ मध्ये परत निघाला, त्यात सत्तरीतली बरीच गावं आहेत. तर वन खात्याकडे सर्व्हे नंबर देऊन विचारून घ्या आणि नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घ्या, प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जागा सेटलमेंट म्हणजे वस्तीची आहे, की ऑर्चर्ड म्हणजे बागायतीची, की इको-सेन्सिटिव्ह. सेटलमेंट नसेल तर नवीन घर विसरा. एजंट म्हणेल झोन बदलून देतो, ओळख आहे. अशा वाटांनी झोन बदलायचे जे नियम सरकारने केले होते ते नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) चे, मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने उडवले, म्हणजे ज्यांनी त्या भरवशावर पैसे टाकले त्यांचं काय झालं असेल बघा. आणि घर जुनं असलं तरी जागेची सनद आहे का विचारा, बिगरशेती केल्याचा कागद, नंतर वाढवायचं-पाडून बांधायचं म्हटलं की तोच पहिला मागतात. झाडं तोडायलाही परवानगी लागते, १९८४ चा कायदा आहे, आपल्याच अंगणातला फणस असला तरी.

वाट. ही माझ्या यादीत फार वर आहे. गाडी दारापर्यंत जाते म्हणजे रस्ता आहे असं नाही. आमच्या वाड्यावर एक घर आहे, त्याची वाट शेजाऱ्याच्या भाटातून, पन्नास वर्षं सगळे जात होते, घर बाहेरच्या माणसाने घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात तिथे काटेरी तार. आता मामलेदाराकडे चाललंय, बाजार डोक्यावरून नेतात. सर्व्हे प्लॅनवर वाट दाखवलीय का बघा, नसेल तर खरेदीखतात शेजाऱ्याची लेखी संमती पाहिजे. शीम, म्हणजे हद्द, पण मोजून घ्या, सर्व्हेअर आणून, दगड रोवून, शेजाऱ्यांना बोलावून. त्या दिवशी सगळ्यांना चहा आणि सोडा पाजा, खर्च वाजवी आहे.

घराकडे आता येते, लोक इथून सुरुवात करतात. मातीच्या भिंती असतील तर खालचा हातभर भाग बघा, ओल चढलेली असते, गिलावा नवीन मारला असेल तर का मारला ते विचारा. छपरात टॉर्च घेऊन चढा किंवा कुणाला चढवा, वाशांना सुरीचं टोक खुपसा, सहज आत गेलं तर वाळवी. आमच्या घरात अकरा वासे बदलले, लाकूड मिळालं पण सुतार मिळेना, दोन महिने घर ताडपत्रीखाली. मंगळुरी कौलं दिसायला सुंदर, पण माकडं त्यावरून धावतात आणि दर वर्षी मे महिन्यात शाकारणी करावी लागते, कौलं परतणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, एप्रिलमध्येच त्यांना सांगून ठेवा, नंतर पाया पडलात तरी येत नाहीत. काहीजण वर पत्र्याचं दुसरं छप्पर घालतात. दिसतं वाईट, पण घर टिकतं, आम्ही मागच्या बाजूला घातलंय, येणारे पाहुणे नाकं मुरडतात, मुरडू देत.

विहीर एप्रिलच्या शेवटी बघा. कळशी सोडा आणि दोर किती ओला झाला ते मोजा. दाबोसच्या प्रकल्पाचं नळाचं पाणी वाळपईत आणि बऱ्याच गावांना येतं, पण आतल्या वाड्यांवर उन्हाळ्यात त्याचा भरवसा कमी. आणि घर नदीच्या जवळ असलं, म्हादई, वेळूस, रगाडा, कुठलीही, तर आजूबाजूच्या तीन घरांत एकच प्रश्न विचारा, २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं? त्या पुरात सत्तरीत घरं पडली, लोकांची भांडीकुंडी वाहून गेली. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात, इथवर. मालक दाखवणार नाही, शेजारी दाखवतात. मोबाईल घेऊन घरभर फिरा, नेटवर्क एका खिडकीत असतं आणि ती खिडकी न्हाणीघराची असते.

पैशांचं फार लिहीत नाही. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी किमतीच्या स्लॅबप्रमाणे, नक्की आकडा वकिलाकडून आधीच लिहून घ्या आणि घराच्या किमतीत मिळवूनच भाव ठरवा. पन्नास लाखांवरचं घर असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापायचा असतो हे कुणी सांगत नाही. पैसे सगळे बँकेतून, रोख मागितली तर उठा. इसारा द्यायचा तो लेखी करारावर, त्यात "कागद साफ नसल्यास परत" ही ओळ पाहिजे आणि किती दिवसांत ते पाहिजे. आमच्या पहिल्या करारात ओळ होती पण दिवस नव्हते, म्हणून सात महिने. खरेदी झाली की लगेच म्युटेशनला अर्ज, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मग उताऱ्यावर नाव चढतं, मधेच सोडून देऊ नका, कितीतरी लोक खरेदीखत कपाटात ठेवून वीस वर्षं झोपतात आणि मग मुलांना त्रास. घरपट्टी, लाईट, नळ, तिन्ही नावावर.

तिसरं घर घेतलं ते दिसायला काही खास नाही, एक आई आणि एकुलता मुलगा विकणारे, सनद होती, प्लॅनवर घराचा चौकोन होता, वाट डांबरी, पंचायतीची. बघून ह्यांचं तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, रंग आपण काढू.

राहायला लागल्यावर काय. पहिल्या आठवड्यात गावच्या देवळात जा, इकडे बहुतेक गावांत सातेरी असते, नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, तुमचा विश्वास असो नसो. जागेचा राखणदार कुठे आहे, त्याला वर्षाला काय द्यायचं, हे आधीच्या मालकाला विचारून घ्या, आमच्याकडे रोट आणि नारळ. हे न केल्याने काही होणार नाही, पण केल्याने शेजारी तुम्हाला घरचं धरतात. भाषेचं टेन्शन नको, बोलतात कोंकणी, वाचतात मराठी, पेपर मराठी, भजन मराठी, चवथीला आणि जत्रेला नाटक मराठी. कोंकणी मोडकी का होईना बोलायला लागा, हसतील, हसू देत, दुसऱ्या दिवशी भेंडी आणून देतील. चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात, तिला रानातली फळं-पानं लागतात, ती कुठे मिळतात हे शेजारणीबरोबर रानात गेल्याशिवाय कळत नाही, बाजारात मिळतात पण मजा नाही. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, वाजतगाजत फिरणारा गावचा मेळ दारात येतो तेव्हा घर बंद करून पणजीला जाऊ नका, तळी म्हणजे ओवाळणीचं ताट काढून उभे राहा.

बागायतीचं स्वप्न घेऊन येणाऱ्यांसाठी, पहिली दोन वर्षं काही लावू नका, आहे ते सांभाळा. नारळ माकडं खातात, शेकरू कोवळे शहाळे पोखरतात, गवे एका रात्रीत केळी साफ करतात. आमच्या चाळीस केळींतल्या एकतीस गेल्या, सकाळी खुरांचे ठसे बघत बसलो. कृषी खात्याकडून कुंपणाला अनुदान मिळतं, त्यासाठी कृषी कार्ड काढावं लागतं, वाळपईच्या ऑफिसात माणसं नीट सांगतात. सुपारी, काजू, नारळ गोवा बागायतदार ह्या सहकारी संस्थेत घालता येतो, भाव फलकावर लिहिलेला असतो, दारावर येणाऱ्या व्यापाऱ्यापेक्षा बरं.

आणि एक गंभीर. माकडताप. सत्तरीत २०१५ पासून आहे, माणसं दगावली आहेत. गोचिडीतून येतो, आणि नेमका काजूच्या हंगामात, पाचोळ्यात फिरताना. पूर्ण बाह्या, पायात बूट, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. आवारात मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. ताप आला तर पॅरासिटामोलवर दोन दिवस काढू नका, सरळ वाळपईच्या आरोग्य केंद्रात जाऊन सांगा की काजूत जाऊन आलो.

मी स्वतः जाते काजूत. मागच्या अंगाला नऊ झाडं आहेत आमची, शिमेच्या दगडापर्यंत. पहिल्या वर्षी कुणाला तरी वेचायला द्यावं असं ह्यांच्या मनात होतं, मी नाही म्हटलं, निदान सुरुवातीची वर्षं तरी. खिळ्याची काठी बाजारातून आणली ती लांब पडली, मग शेजारच्या काकीने कापून दिली, माझ्या उंचीची. मार्चमध्ये सहाला उठून जाते, पलीकडे काकी तिच्या भाटात, अलीकडे मी, दगड मधे. ती विचारते, "गो, किती डबे जाले?" मी म्हणते, एक. तिचे तोवर चार झालेले असतात.